एल्कचा मुहूर्त आणि माझा पाचवा ऑपेरा

२ ऑक्टोबर १९७४

ती. हिल्काआक्का हिस,

धाकट्या ओइवाचा कमरेतून वाकून नमस्कार. (कंबर हल्ली वाकलेलीच असते, पण तुझ्यासाठी मुद्दाम वाकलो असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा डावा कान उघडला का? मी तीन आठवडे तळ्याच्या अलीकडे, खानावळीच्या वरच्या खोलीत उतरलोय आणि अजून तुझ्याकडे फिरकलो नाही, म्हणून तू माझा उद्धार करत असशील. कर. पत्राचं कारण शेवटी लिहितो, आधी लिहायचा धीर होत नाही.

तू नाताळच्या कार्डात विचारलं होतंस, की हेलसिंकीत मी नक्की करतो काय. चाळीस वर्षांनी का होईना विचारलंस, बरं वाटलं. आक्का, मी ऑपेरा लिहितो, आणि दुसरं कुणी ते धड वाजवत नाही म्हणून समोर उभा राहून हातवारेही मीच करतो. बाबांना वाटायचं पोरगा चर्चमध्ये ऑर्गन वाजवेल, चार घरचं जेवेल. ते राहिलं. आजवर चार ऑपेरा झाले. पहिल्याला तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ ढसाढसा रडले. मी धन्य झालो, मागाहून कळलं त्यांची दाढ दुखत होती. दुसऱ्यात माझ्या हातातली काठी उडाली ती पहिल्या व्हायोलिनवाल्या बाईंच्या अंबाड्यात जाऊन रुतली. उरलेला अंक मी पेन्सिलीने रेटला आणि बाई काठीसकट वाजवत राहिल्या. तिसऱ्याबद्दल पेपरात आलं, ‘वाईट नव्हता.’ आपल्या देशात याहून मोठं बक्षीस नाही, म्हणून कात्रण चौकटीत लावलंय. चौथ्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही. मला या कशाचं सुखदुःख नाही, माणसाने अलिप्त असावं.

आता हा पाचवा, आणि शेवटचा. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. हा ऑपेरा आपल्या गावात व्हावा ही हौस माझीच. कागद-गिरणीचं सभागृह मिळालं, हेलसिंकीहून वाजवणारे येताहेत, आणि कोरसला गावचेच बावीस पुरुष: लाकूडतोडे, गिरणीकामगार, पोस्टमन एइनो. आवाज असे की खिडक्या थरथरतात. पहिल्या तालमीला मी तारीख सांगितली, बारा ऑक्टोबर, शनिवार, दुपारी दोन, आणि विचारलं की कुणाला काही अडचण? बावीसच्या बावीस जण आपापल्या बुटांकडे बघत गप्प. मी समजलो, होकार! शहरात राहून मी इतका बाटलो, की आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे ‘नाही’ हेसुद्धा विसरलो. पत्रकं छापली, तिकिटं खपली, तीन आठवडे तालमी झाल्या. कुणी चकार शब्द काढला नाही.

काल त्यांच्याबरोबर सौनात बसलो होतो. (अंगावर कपडे असताना आपली माणसं खरं बोलत नाहीत.) एइनोने तापल्या दगडांवर पाणी ओतलं, पाच मिनिटं वाफेत डोळे मिटून बसला, मग म्हणाला, “मास्तर, त्या शनिवारी आम्ही जंगलात.” एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस! बाबांचं बोट धरून जायचो तेव्हापासून दुसरा शनिवार ठरलेला, आणि मी गाढव नेमका तोच धरून बसलो. अरे, मग तीन आठवडे गाताय कशाला, विचारलं, तर म्हणे, “गाणं वाईट नाही.” एल्क रविवारी मारला तर नाही का चालणार, एवढं म्हणायचा अवकाश, सगळे फळीवरून उतरले आणि तळ्यात उड्या मारायला निघून गेले.

म्हणजे वाजवणारे येणार, लोक येणार, आणि शेवटच्या अंकात गायला चिटपाखरू नाही. असो. माझं काय, मी शांत आहे. (कागदावरचा डाग कॉफीचा आहे. तिसऱ्यांदा सांडली.)

भावजींना नमस्कार सांग, त्यांच्या उजव्या कानात.

तुझा,
ओइवा

ता. क. एइनो म्हणतो, पहिल्या दिवशी माणसं एल्कच्या मागे कमी आणि तुझ्या सुपाच्या पातेल्यामागे जास्त असतात. पस्तीस वर्षं ते सूप तूच करतेस. तर या वर्षी ते पातेलं जंगलातल्या खोपटाऐवजी एक वाजता गिरणीच्या मागच्या अंगणात मांडशील का? पाया पडतो. जेवले की आत कोंडायचं काम माझं. बंदुका तेवढ्या बाहेर ठेवायला सांग, तुझं ऐकतील.

ता. क. २. वर ‘अलिप्त’ आणि ‘शांत’ असं लिहिलंय ते खोडायचं राहिलं. कालपासून अन्न गोड लागत नाही.

ता. क. ३. चारही ऑपेरांना तुला बोलावलं, चारही वेळा तू म्हणालीस, गाई कोण बघणार? वसंतात गाई विकल्यास हे एइनोकडून कळलं. वाईट वाटलं गं. पण आता तुला कारण उरलं नाही. शेवटी ते बावीस जण जे गातात ते मी रचलेलं नाही. संध्याकाळी तळ्याकाठी उभी राहून तू गाईंना घालायचीस, ती हाक आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय, पाय लांब करता येतील अशी. आवडलं तर ‘वाईट नव्हतं’ म्हण, नाही आवडलं तर सगळ्यांदेखत कान पीळ. फक्त गप्प बसू नकोस.