चिंचेपासून विहिरीपर्यंतची हिरवी रेघ

मी चतुराबाई, कै. फकिरा मौले यांची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा आधी मेथी आणि शेवंती, आता लग्नाचे लॉन्स, राहणार मखमलाबाद शिवार, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. माझ्यावर जोर करील असा माणूस या घरात जन्मलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे, पण खरे तर त्याची गरज नव्हती. डोके गेले असते तर इतक्या वर्षांचा राग असा जसाच्या तसा राहिला असता का?

मी चौथीपर्यंत शिकले. चुका होतील, त्या कोणी सुधारू नयेत. वकीलबाई साधनाताई थेटे म्हणाल्या, "आजी, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा."

मी म्हटले, "आणि का द्यायचं, ते?"

"ते कोर्टाला नको असतं."

"कोर्टाला नसू दे. माझ्या पोराला हवंय."

मग त्या हसल्या आणि चहा प्यायल्या. हर्षालीला, म्हणजे माझ्या नातीला, मी खोलीबाहेर काढले आहे. उद्या कोणी म्हणू नये की पोरीने आजीचा हात धरून लिहून घेतले. ती खाली गवतावर आहे, खिडकीतून दिसते. खताची गाडी ढकलते आहे. मान वर, पाठ सरळ, पाऊल ना जलद ना हळू. ते बघून मला इतका आनंद होतो आहे की अक्षर वाकडे जाते. असो.

कलम पहिले, घर. राहते घर, वरच्या गच्चीसकट, माझा मुलगा सोमनाथ यास. सोमनाथ वाईट नाही. मऊ आहे. काका म्हणतील तिकडे मान हलवतो. त्याला घर देण्यामागे माझा हेतू असा की गच्चीवरून आमचे लॉन्स सगळे दिसते, आणि जे त्याला मिळाले नाही ते त्याने रोज दात घासताना बघावे. गच्चीवर पत्रा टाकून नजर झाकू नये.

कलम दुसरे, दागिने. पाटल्या सुनेला, तिने माझी खूप उस्तवार केली आणि त्यातले निम्मे मनापासून केले. येवल्याची पैठणी, मोरपंखी, पूजाला. पूजा म्हणजे माझे धाकटे दीर खंडेराव यांची नात. लोकांना नवल वाटेल की खंडेरावाच्या घरात मी पैठणी देते. पोरीशी माझे भांडण नाही. भांडण कोणाशी ते पुढे येते. बँकेतल्या ठेवीतून माझे कार्य करावे. जेवणात वांग्याची भाजी ठेवू नये, मला कधीच आवडली नाही, मेल्यावरही नको.

कलम तिसरे, लॉन्स. हे मोठे आहे, म्हणून बसून वाचावे.

आमचे हे आणि खंडेराव यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मध्ये एक बांध होता. आमच्या चिंचेपासून सरळ विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत. चिंचेच्या बुडाशी हद्दीचा दगड, एका अंगाला शेंदूर लावलेला. दर अमावास्येला हे त्यावर नारळ फोडत आणि एक वाटी खंडेरावाच्या घरी पाठवत. मरण्याआधी यांनी आमच्या बाजूचे सगळे क्षेत्र माझ्या एकटीच्या नावावर केले, उतारा मागे जोडला आहे.

पुढे भाजीपाला परवडेना आणि नाशिकची लग्ने गावाबाहेर निघाली. खंडेरावाने लॉन्स काढले, मग आम्हीही काढले. सपाटीकरणाला त्यांनी जेसीबी आणला तो नेमका मी कळवणला बहिणीकडे गेले होते तेव्हा. परत येते तर बांध नाही, दगड नाही, आणि तारेचे कुंपण आमच्या अंगात शिरलेले. म्हैस आडवी उभी राहील एवढी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तशीच, पिशवी हातात, त्यांच्या दारात गेले.

खंडेराव खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, "वहिनी, कुठं होता बांध? दाखवा की!"

मी म्हटले, "चिंच ते विहीर."

"चिंच काय बोलती का? दगड दाखवा दगड. दगड नाय तर बांध नाय."

आणि सोमनाथ माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "आई, जाऊ दे ना. काका हायेत."

मी सरकारी मोजणी आणते म्हटले, तर सोमनाथ म्हणाला, मोजणी आणलीस तर मी घर सोडून जाईन. तो गेला असता की नाही देव जाणे, पण मी आई आहे, गप्प बसले. गप्प बसले म्हणजे विसरले नाही. "दाखवा की" हे शब्द मी रोज रात्री दिवा लावताना देवापुढे म्हणत आले आहे.

आता खताच्या गाडीचे. साधनाताई म्हणतात हे मृत्युपत्रात येत नाही. येते.

लॉन्सचे गवत म्हणजे कांदा नव्हे. कांद्याला मुठीने युरिया फेकला तरी चालतो, पातीत चूक झाकते. गवतावर मूठ जिथे पडली तिथे हिरवा गोळा, जिथे नाही पडली तिथे पिवळे, आणि जास्त पडली तिथे जळते. पाहुणे खुर्चीत बसून दुसरे काय बघणार? जमीनच बघतात. म्हणून हर्षालीने मोबाईलवर बघून ढकलायची गाडी मागवली. मागवताना मी दोन गोष्टी सांगितल्या. डबा प्लास्टिकचा घे, खत लोखंड खाते. आणि चाके हवेची घे, कडक चाक ओल्या जमिनीत रुतते. तिसरी गोष्ट मला माहीत नव्हती, ती मी पस्तावून शिकले.

ही पहिली गाडी फेकणारी. डब्याखाली चकती फिरते आणि दाणे पंख्यासारखे लांब उडतात. मोठ्या मैदानाला उत्तम. पण कुंपणाच्या कडेने ढकलली की निम्मे खत तारेपलीकडे! एका हंगामात बघते तर काय, तारेपलीकडची पट्टी, माझीच पट्टी, माझेच खत खाऊन हिरवीगार, आणि खंडेराव पाहुण्यांना दाखवतात, "आमच्या कडेचं गवत बघा, कसं लागलंय." त्या रात्री मला जेवण गेले नाही. सकाळी हर्षालीला म्हटले, दुसरी गाडी माग. पाडणारी. तिच्यात चकती नसते, दाणे डब्याच्या रुंदीत सरळ खाली पडतात. एक दाणा शेजाऱ्याकडे जात नाही. लोक विचारतात, आजी, दोन गाड्या कशाला? मी सांगते, एक गवतासाठी आणि एक दिरासाठी.

मागच्या वर्षी पूजाचे लग्न ठरले, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. खंडेरावांनी हौसेने स्वतः युरिया टाकला, कांद्यासारखा, मुठीने, भर उन्हात, आणि पाणी द्यायला विसरले. मैदानाला नायटे उठल्यासारखे झाले. मग आले माझ्याकडे, टोपी हातात.

"वहिनी, तुमची ती गाडी द्या ना थोडी."

"गाडी देत नाही, भाऊजी."

त्यांचे तोंड उतरले. मी म्हटले, "खत किती पडावं त्याचा आकडा असतो तिच्यावर, तो तुम्हाला लावता यायचा नाही, पुन्हा जळेल. मी आणि हर्षाली येतो. पूजा आमचीपण नात आहे."

"बघा! भावजय असावी तर अशी!" असे ते सगळ्या गड्यांसमोर म्हणाले. खुर्ची टाकून दिली, सरबत दिले. मी प्यायले. लिंबू कमी होते.

आधी पाण्याने जळका भाग धुऊन काढला. काही दिवस गेल्यावर फेकणाऱ्या गाडीने सगळ्या मैदानाला हलके खत दिले, निम्मे उभे, निम्मे आडवे. हे हर्षालीने केले. मग मी म्हटले, कडा राहिल्या, आण ती पाडणारी. गाडी मी चिंचेखाली नेली, विहिरीच्या कोपऱ्यावर नजर ठेवली, चालू लागले आणि डब्याचे तोंड उघडायचा खटका ओढला. हळूच गेले, त्याच वाटेने परत आले. खंडेराव लांबून ओरडले, "वहिनी, ती कड नाय, मधलं हाय!"

मी म्हटले, "राहू द्या भाऊजी, मला कड दिसते ती."

गवत जाळले नाही, हे मी शपथेवर लिहिते. पोरीच्या लग्नात पिवळे कशाला करू? मी हिरवे केले. आठ-दहा दिवसांनी लग्नाच्या सकाळी खंडेरावांच्या मैदानात, खुर्च्या आणि स्टेज यांच्यामधून, काळीभोर हिरवी रेघ. चिंचेपासून विहिरीपर्यंत. दोरी लावल्यासारखी. म्हातारी भावकी आली, उभी राहिली. कुसाबाई, यांची आत्येबहीण, डोळ्याला फार दिसत नाही, तिला दिसले. ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हा तर फकिराचा बांध!" मग सगळे तेच म्हणू लागले. खंडेरावांनी त्यावर सतरंजी टाकायला सांगितली. सतरंजीच्या दोन्ही टोकांनी रेघ बाहेर आली. आणि फोटोवाल्याने वरून ड्रोन फिरवला. त्यांच्याच पैशाने, त्यांच्याच अल्बममध्ये, पहिल्याच पानावर माझा बांध आहे.

"दाखवा की" म्हणाले होते. दाखवला.

तरी तार हलली नाही. उलट आता खंडेराव आणि सोमनाथ दोघे मिळून बोलतात की दोन्ही लॉन्स एक करू, मध्ये हॉल बांधू, बाकी प्लास्टिकचे गवत टाकू, मग बांधाचा प्रश्नच नाही. सोमनाथ मला म्हणाला, "आई, प्लास्टिकला खत लागत नाही." त्याला वाटले मी खूश होईन. म्हणून हा कागद. मी गेले की त्यांच्या हॉलच्या कागदावर दुसऱ्याच दिवशी सह्या होतील आणि माझा बांध हॉलच्या फरशीखाली जाईल.

सबब, फकिरा लॉन्स, त्यातील विहिरीचा हिस्सा, चिंच आणि तारेपलीकडची पट्टी, असे माझ्या नावावरचे सर्व क्षेत्र मी माझी नात हर्षाली सोमनाथ मौले हिला एकटीला देते. तिने पहिले काम मोजणीचे करावे. त्यासाठी बापाने घर सोडायची धमकी दिली तर घर आता त्याचेच आहे, खुशाल सोडावे. प्लास्टिकचे गवत टाकू नये.

कलम चौथे, गाड्या. दोन्ही हर्षालीला. तिला येते, तरी लिहिते. चालायला लागल्यावर खटका ओढायचा, थांबायच्या आधी सोडायचा, नाहीतर जागेवर ढीग पडून जळते. डबा गवतावर उभी राहून भरू नये, सिमेंटवर भरावा. पाडणारी गाडी फिरवताना चाकाच्या खुणेवर चाक ठेवावे, नाहीतर झेब्र्यासारखे पट्टे दिसतात. वारा असेल तर घरी बसावे. गवत कोरडे असताना खत, लगेच पाणी. काम झाले की गाडी धुवावी. फेकणारीच्या चकतीचा गिअर सातपूरला बदलून आणला आहे, तो चांगला चालतो.

कलम पाचवे, दीर खंडेराव यांस. ड्रोनचा तो फोटो मी मोठा करून फ्रेम करवून घेतला आहे, कपाटामागे आहे, तो त्यांना द्यावा. सोबत उघडलेली युरियाची गोणी, मुठीने फेकायला.

कलम सहावे, दहावा. गोदावरीवर पिंड ठेवल्यावर कावळा शिवला नाही की लोक भलतीसलती वचने देतात, नातीचे लग्न करू, गाय देऊ. माझ्यासाठी कोणी काही कबूल करू नये. मी कशात अडकले आहे ते मी इथेच सांगते. खंडेरावांना पुढे उभे करावे आणि हद्दीचा दगड कुठे आहे ते सगळ्यांसमोर बोलायला लावावे. तोवर बसून राहावे. ऊन झाले तरी. मला माहीत आहे तो कुठे आहे. त्यांच्या मोरीत, पालथा घातलेला, धुण्याचा दगड म्हणून. मला कोणी सांगितले हे ते शोधत बसतील, म्हणून शोधायला लावत नाही. खाली सही बघावी.

साधनाताई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. मी दुसऱ्या साक्षीदार बाईला तसे सांगितले. ती म्हणाली, "मला काय नको, जाऊबाई. सही तेवढी करू द्या."

हे मृत्युपत्र मी वाचून, स्वतःला मोठ्याने ऐकवून, आनंदाने सही करून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, यापुढे करायची गरज पडणार नाही. अंमलबजावणी साधनाताई थेटे, वकील, यांनी करावी.

स्थळ: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १८ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार: चतुराबाई फकिरा मौले

आम्हा दोघींच्या समोर चतुराबाईंनी सही केली, आम्ही त्यांच्या समोर केली.

साक्षीदार १: कुसाबाई, अंगठा डावा

साक्षीदार २: रंगूबाई खंडेराव मौले, खंडेराव मौले यांची पत्नी. मला थोडे लिहिता येते म्हणून लिहिते. दगड आमच्या मोरीत आहे. मी त्यावर रोज धुणे धुते. खालच्या अंगाला शेंदूर अजून आहे, मी तो घासला नाही.