पखवाजाची कणीक

रविवार, २ नोव्हेंबर. नेवासा
आलो एकदाचे! राहात्याहून टेम्पो सकाळी सातला निघाला. वाटेत दोनदा कपाटाचं दार उघडलं आणि दोन्ही वेळा फिलोमिनाने मलाच बोल लावला. बदली केली संस्थेने, दोरी बांधली टेम्पोवाल्याने, आणि ऐकून घ्यायचं कुणी? तर सॅम्युएल मास्तरांनी! चालायचंच, बावीस वर्षांची सवय आहे. घर मात्र झकास मिळालं. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि आमच्या नऊ वर्षांच्या प्रार्थनाला हुंदडायला अंगण. पलीकडेच राजेश्वरी मॅडम राहतात, आमच्याच शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी आल्या आल्या चहा पाठवला. उद्यापासून नववीचं गणित. पोरं म्हणे वात्रट आहेत. असू देत, मीही काही गोगलगाय नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
आज बाजारात लॉटरीच लागली! जुनं सामान विकणाऱ्या छगनच्या ताडपत्रीवर, बिनदांड्याचा कुकर आणि पंख्याची पाती यांच्यामध्ये एक पखवाज आडवा पडला होता. छगन त्याला ढोलकी म्हणत होता. मला राहवेना. अरे बाबा, म्हटलं, ढोलकी एवढी लांब असते का, आणि तिला हे लाकडी गठ्ठे असतात का? तो म्हणाला, सर, तुमी म्हनाल ते, पन घेऊन जावा.
उजव्या तोंडावरचं चामडी पान फाटलेलं होतं, ते बरंच झालं. आत डोकावता आलं. आत तासणीचे घाव स्पष्ट दिसत होते, म्हणजे खोड हाताने कोरलेलं, यंत्रावर नाही. लाकूड शिसवी. वाद्या अस्सल चामड्याच्या, आजकाल घालतात तसली नायलॉनची दोरी नाही. गठ्ठे हातोडीचे ठोके खाऊन गुळगुळीत झालेले. वय काढलं, सत्तर वर्षं तरी. सोबत त्याची छोटी हातोडीसुद्धा मिळाली.
माल छबूबाई नावाच्या म्हातारीच्या माळ्यावरचा. तिचा नवरा भजनात वाजवायचा. निघताना छगनने निरोप सांगितला, की वाजवून झालं की कनीक नदीला सोडायची, घरात ठेवायची न्हाई, म्हातारीनं लई बजावलंय. मी हो हो म्हटलं आणि पखवाज खांद्यावर टाकला. फिलोमिना म्हणाली, घरात माणसांना जागा नाही आणि ह्यांनी ओंडका आणला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
नगरहून नवं उजवं पान बसवून आणलं. डावं जुनंच ठेवलं, ते अजून खणखणीत आहे. संध्याकाळी भिजवलेल्या कणकेचा गोळा डाव्या अंगावर थापला. तो थापल्याशिवाय पखवाजाला खर्ज येत नाही. दर वेळी ताजी लावायची आणि वाजवून झालं की खरवडायची. वडील चर्चच्या भजनी मंडळात वाजवायचे, तेव्हा हे काम माझं असायचं. तेही ती कणीक कालव्यात सोडायचे. का सोडता, असं मी कधी विचारलं नाही.
पहिला ‘धा’ पडला आणि अंगावर काटा आला! काय आवाज! उठतो जमिनीतून आणि भरतो छातीत. दिवसभर मला टोमणे मारणारी फिलोमिना हातात लाटणं घेऊन दारात उभी राहिली ती भाकरी करपेपर्यंत. प्रार्थना तर मांडीलाच चिकटून बसली होती. आज वडील हवे होते.

रविवार, १६ नोव्हेंबर
चर्चहून आल्यावर सलग तीन तास वाजवलं. हात भरून आले, पण मन भरेना.
मग एक गंमत. माझं पोळीशिवाय भागत नाही, आणि पीठ संपलेलं. मायलेकी बाजरीच्या भाकरीवर खूश. मी म्हटलं, ही खरवडलेली कणीक आहे ना, दोन पोळ्या सहज होतील. फिलोमिना शी शी करायला लागली. चामड्यावरची कणीक खाता, नदीत सोडायला सांगितलंय ना! मी तिला विज्ञान समजावलं, तव्यावर सगळं मरतं. एवढ्याशा गोळ्यासाठी प्रवरेपर्यंत पायपीट कोण करणार? आणि अन्न टाकू नये. शेवटी तिने नाक मुरडत लाटल्या. मायलेकींनी शिवलंही नाही. जरा कडवट लागल्या, पण वांग्याच्या रश्शात खपून गेल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
हात स्वस्थ बसत नाहीत. फळ्यावर, टेबलावर, ताटाच्या काठावर बोटं चालूच. वर्गात बाकावर अशी थाप पडली की फळी तडकली. पोरं हसली, मीही हसलो. पण ती थाप मी मारली नव्हती, म्हणजे मारायची ठरवली नव्हती. घरी येऊन तासभर वाजवलं तेव्हा कुठे हात निवले.

बुधवार, १९ नोव्हेंबर
लिहायला लाज वाटते. सकाळी ओट्यावर कुत्रं आलं होतं. रोजचंच, प्रार्थना त्याला तुकडा घालते. हाकलायला एक चापट मारली. मग दुसरी. मग हात थांबेचनात. धा धा, तिट धा, बरोबर चौतालात, एक मात्रा चुकली नाही. बरगड्या मोडल्याचा आवाज आला तरी चालूच. समेवर येऊन थांबले. कुत्र्याचं डोकं राहिलं नव्हतं.
फिलोमिनाने अंगण धुतलं. प्रार्थना शाळेत होती, देवाची कृपा. तिला सांगितलं, गाडीखाली गेलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
दोन दिवस रजा. वाजवत बसलो की बरं असतं, मार पखवाजात जातो. आज दुपारी दोन्ही पानं फाटली. एकामागून एक. माझ्या हातांखाली.
अंगणात नेऊन जाळला. शिसव जळायला वेळ लागतो. जळून राख झाला, पण हातांना काही फरक नाही. त्यांना आता पखवाज लागत नाही. पोटातून येतंय ते.

शनिवार, २२ नोव्हेंबर
फिलोमिना नगरला दवाखान्यात आहे. जबडा मोडला, खांदा निखळला, एक डोळा अजून उघडत नाही. मी केलं. ती चहा देत होती. फक्त चहा देत होती हो.
ती डॉक्टरांना म्हणाली, म्हणजे कागदावर लिहून दिलं, कारण बोलता येत नाही — जिन्यावरून पडले. आमच्या घराला जिना नाही.
मलाही लिहून दिलं — प्रार्थनाला हात लावलात तर देवसुद्धा तुम्हाला माफ करणार नाही.
प्रार्थनाला राजेश्वरी मॅडमकडे ठेवलं.

रविवार, २३ नोव्हेंबर
छगनला घेऊन छबूबाईकडे गेलो. दारातूनच बोललो, हात शर्टाने एकमेकांना बांधून. म्हातारीचा जबडा एका बाजूला वाकडा आहे. तिने माझे हात पाहिले आणि पहिलाच प्रश्न, कनीक खाल्ली व्हय?
म्हणाली, थापा सोसल्याली कनीक हाय ती. पान्यात विरती, मानसाच्या पोटात विरत न्हाई. थापा बाहेर पडाया हात शोधत्यात. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या नवऱ्यानं खाल्ली हुती. बैल गेला. मग हिचा जबडा. मग पाळण्यातलं पोर. त्यानंतर नवऱ्यानं गुऱ्हाळाच्या चरकात हात घातले, पार कोपरापर्यंत. मग तीस वर्षं गरीब गाईसारखा जगला, असं म्हणाली. पोराचं म्हणताना रडली नाही. मी रडलो.
हात गेले की संपतं. एवढंच कळलं. पुरे आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळ
प्रार्थनाला निरोप दिलाय — पप्पांना ताप आहे, घराकडे फिरकायचं नाही. कडी आतून लावली. पाटा पुढे घेतला. पखवाजाची हातोडी उरलीय, लोखंडाची आहे.
दोन्ही मोडायचे. मग पोर माझ्याजवळ बसेल. भरवेल मला. एवढंच हवंय.

दुपार
डावा झाला. टॉवेल दातात धरला. अकरा घाव. बोटं कुठली, तळवा कुठला, कळत नाही. पण हलत नाही! खरंच हलत नाही! म्हातारी खरं बोलली —
आता उजवा.
हातोडी कशात धरू?
गाढवा! बावीस वर्षं गणित शिकवलंस आणि दोन हात मोजले नाहीस! त्याने दोन्ही एकदम घातले होते. एकदम —
दातात धरून पाहिली. पडते. दाराच्या फटीत हात घातला — दार लावायला दुसरा हात —
हा लिहितोय तोवर लिहितोय. पेन धरलाय ना, मग दुसरं काही धरणार नाही. लिहीत राहायचं. सॅम्युएल, लिही. आमच्या स्वर्गातल्या बापा, तुझं नाव —
दार वाजतंय.
प्रार्थना आहे. मॅडमनी खिचडी दिलीय म्हणते. पप्पा उघडा म्हणते. जा म्हणून ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो. रडतेय, पण जात नाही. तुम्हाला लागलंय का विचारते —
दाराशेजारच्या खिडकीतून हात घातलाय तिने. कडी —
लिही. धा धा तिट — नाही, लिही, लिही —
कडी निघाली.
रक्त बघून धावत येतेय जाऊ नकोस जवळ म्हणजे येऊ नकोस बाळा जा ना जा जा पेन खाली जातोय मी नाही ठेवत तो ठेव