अंगावर बसायला आणलेली चार माणसं

सोलापूर, १२ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप आबादादांस,

हेमाचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींची कंबर, म्हशीचं दूध आणि तुमचा राग, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते, कारण मला आता दम निघत नाही. तुमच्या दाजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि दुखलं नाही! कापताना अजिबात नाही!

घोळ झाला तो तुमच्यामुळे. आपल्या अण्णांची काळपुळी कापताना चौघं त्यांच्या अंगावर बसले होते आणि लहानपणी तुम्ही कंदील धरला होता, हे तुम्ही दिवाळीला ह्यांना सांगितलंत (तेही ऐन फराळावर). तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात एकच, चौघं पाहिजेत. म्हणून तालमीतले चार पैलवान घेऊन हे दवाखान्यात हजर! भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत (मी पदर तोंडाला लावला). त्यांनी नीट समजावलं, की पूर्वी दारू पाजून, बांधून कापत. मग इथर आलं, क्लोरोफॉर्म आलं. आता पाठीत एक इंजेक्शन दिलं की झालं. ह्यांनी विचारलं, "त्यातली पयली पद्धत अजून चालू हाय का?"

सुई निघाली. हे डोळे मिटून बसले आणि दारातून बघणारा भिमा पैलवान धाडकन आडवा झाला. बाकीचे तिघं त्याला वारा घालत बसले, म्हणजे ह्यांना धरायला कुणीच उरलं नाही. आतलं सगळं बाईंनीच नंतर सांगितलं. कंबरेखाली बधिर झालेल्या ह्यांना नर्सनं उचललेला एक पाय दिसला. "ह्यो कुणाचा पाय? माझ्या टेबलावर दुसरा माणूस कशाला घेतलाय?" अहो दादा, तो ह्यांचाच पाय! मग बऱ्याच वेळानं चिडले, "आवं, चालू करा की कवातरी!" तेव्हा डॉक्टर शेवटचा टाका घालत होते.

संध्याकाळी भूल उतरल्यावर ठणकलं, खोटं कशाला सांगू. पण गोळी घेऊन झोपले. अण्णा ओरडले तेव्हा मी पाळण्यात होते, मला काही आठवत नाही. तुमच्या कानात मात्र ते अजून आहे, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची,
हेमा

ता. क. : वहिनींनी कळवलंय, तुम्हीही धोतराखाली हर्नियाचा पट्टा आवळून फिरता. येत्या सोमवारसाठी इथल्या दवाखान्यात तुमची खाट सांगून ठेवली आहे.

आणखी एक : नाही म्हणू नका. चौघं पैलवान रविवारी एस.टी.नं करमाळ्याला येतायत. ऑपरेशनला धरायला कुणी लागत नाही, पण तुम्हाला इथवर आणायला चौघं लागतील, असं दाजी म्हणतात. वहिनींना सांगा, भिमाही येतोय, घरातला सुईदोरा तेवढा आधी आवरून ठेवा.