तोंड उघडायला लावणारा पेनड्राइव्ह

ती. ताई यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (तूर्त तरी नवराच आहे) साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? साडूभाऊंचा खोकला हटला का? इकडे तब्येती ठणठणीत आहेत, फक्त बोलणं बंद आहे. म्हणजे मी बोलतो, डॉक्टरीणबाई (म्हणजे तुमची बहीणच) बोलत नाहीत. काही हवं असेल तर दात उपटायच्या पकडीनं दाखवतात.

झालं असं, की दवाखान्यातला काँप्युटर इतका थकला होता की पेशंटची भूल उतरली तरी पडद्यावर त्याचं नाव उमटायचं नाही. नवा घ्यायचं चाललं होतं, तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो, थांबा. हल्ली एका पेनड्राइव्हवर अख्खी हलकीफुलकी सिस्टीम बसते. काँप्युटर त्याच्यावरूनच चालू होतो आणि बंद केला की दिवसभरात केलेले सगळे बदल विसरून पुन्हा होता तसा (आमच्या वडिलांसारखा). ती सिस्टीम उलगडायची, नको ते काढायचं, हवं ते घालायचं, पुन्हा घडी घालायची. मी खेळ काढले, परक्या भाषा काढल्या. आवाज कमी-जास्त करायची सोयही काढली. एकदा मोठा ठेवला की झालं, रोज कोण हलवतंय? शेवटी, घडी तर घातलीच आहे म्हणून, घडी उलगडायचा प्रोग्रामही काढला आणि माझ्या काँप्युटरवरची जुनी सिस्टीम पुसून तिथेही हीच बसवली. वजन असं उतरलं म्हणून सांगू!

सुरू होताना काहीतरी वाजावं, म्हणून दाराआडून डॉक्टरीणबाईंचाच आवाज टिपून घातला. त्या एका किडक्या दाढेशी बोलत होत्या: "तोंड उघडा! अजून मोठं! किती दिवस लपवून ठेवणार होतात?"

आमचे स्पीकर दुरुस्तीला गेले होते, त्यामुळे ते कसं ऐकू येतं हे मला कळलंच नाही. काँप्युटर मात्र हरणासारखा पळायला लागला. ते पाहून शेजारचे वकील, वरच्या मजल्यावरच्या लग्न जमवणाऱ्या बाई आणि कोपऱ्यावरची पोलीस चौकी, सगळ्यांनी एकेक पेनड्राइव्ह मागून नेला.

वकिलांनी काँप्युटर चालू केला तेव्हा समोर दोन्ही पक्ष बसले होते. त्यांच्याच अशिलानं दचकून सगळं कबूल केलं. वरच्या मजल्यावर मुलगा मुलीला पाहत होता; त्यानं आधीचं लग्न सांगितलं, मुलीनंही सांगितलं, आणि दोघांचं इतकं जुळलं की बाई मला पेढे देऊ की शिव्या, या विचारात आहेत. चौकीत चोरानं चोरी कबूल केली ते ठीक; पण हवालदारही ताडकन उठून म्हणाला, "साहेब, तुमचा डबा रोज मीच खातो."

आता गावभर झालंय असं, की आमच्या दवाखान्यात खुर्चीत बसलेला माणूस डॉक्टरीणबाईंनी "तोंड उघडा" म्हटल्याबरोबर रडतो आणि संसार सांगतो. दाढ तशीच. काल एका आजोबांनी तर दातच नसताना नंबर लावला. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीत लिहिलंय, आवाज आजच्या आज काढा. कशानं काढू? उलगडायचा प्रोग्राम तर मीच उडवला! नवा पेनड्राइव्ह पहिल्यापासून घडवायला घेतलाय, पण त्या माझ्या खुर्चीशेजारी सुई भरून उभ्या राहतात.

त्यांची समजूत काढाल ना? तुमचं त्या ऐकतात. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. समजूत काढली नाहीत तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. चौकीतल्या साहेबांना आवाज फारच आवडलाय, त्यांना पुढचं एक वाक्य हवंय, "आता खरं काय ते सांग!" असं. हिला विचारायची सोय नाही, आणि तुमचा आवाज हुबेहूब तिचा, शिवाय थोडा वरचढच. तेवढं टिपून पाठवाल का?

पुन्हा ता. क. मुद्दाम टिपायचा त्रास नको. हे पत्र वाचून झाल्याबरोबर, राग ताजा असतानाच, मला फोन करा. रेकॉर्डिंग चालू ठेवलं आहे.