तीन दिवसांची वाट

एल्म्सबरी, मॅसॅच्युसेट्स
२९ ऑगस्ट १९९३

प्रिय वर्डाताईस,
नोलीनचा सा. न. वि. वि.

पोचलो एकदाचे, तिसऱ्या दिवशी दुपारी. गाडीने टेनेसीत एकदा आणि पेनसिल्व्हेनियात दोनदा मान टाकली. तिसऱ्यांदा मी तिच्या टपावर हात ठेवून आर्जवं केली, तेव्हा कुठे हलली. डेलिया सगळी वाट खिडकीला नाक लावून बसली होती. तुझं भेंडीचं लोणचं व्हर्जिनियातच संपलं.

शाळा छान आहे गं. मुकी-बहिरी म्हणून कोणी कीव करत नाही. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे हातांनी बोलतात. मुलं सकाळी येतात, दुपारी घरी जातात. पहिल्या दिवशी डेलियाने माझा हात सोडला तो सोडलाच, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. अट एकच, घर या राज्यात हवं. म्हणून तर राहता ट्रेलर विकून आले.

घर म्हणजे एका पेंटरच्या गॅरेजवरची खोली. एवढ्या भाड्यात आपल्याकडे चार खोल्या आणि शेळी बांधायला परस मिळालं असतं. वृद्धाश्रमात काम लागलंय. तिथल्या बायका माझ्याकडून तेच तेच शब्द वदवून घेतात आणि हसतात. माझ्या दक्षिणेकडच्या बोलण्याला गुळाचा पाक म्हणतात.

आईला सांग, नाताळला येते. ती ऐकून घेणार नाही, तरी सांग. आठ वर्षांची नात उचलून नेली म्हणून धुसफुसत असेल.

तिथून जीव लावत राहा.
तुझी,
नोलीन

* * *

मार्बल फोर्क, आर्कान्सा
३ ऑक्टोबर १९९३

चि. नोलीन हिस,
वर्डाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हर्शलने, तुझ्या मेहुण्याने, दोनदा वाचून घेतलं आणि गाडीच्या भागावर पोट धरून हसला. तो म्हणतो, त्या गाडीला आता पेन्शन द्या.

आई तुझं नाव काढत नाही. टपाल आलं की मात्र चष्मा शोधायला लागते. रविवारी चर्चमध्ये बायकांनी तुझी चौकशी केली, तर म्हणाली, तिला आम्ही पुरलो नाही. मी तिची बाजू घेत नाही, पण एक विचारते. बहिऱ्या मुलांची शाळा लिटल रॉकलाही आहे. ती तीन तासांवर होती, तू तीन दिवसांवर गेलीस. शाळेसाठी गेलीस, की आईपासून लांब गेलीस? खरं लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी कळवणार नाही.

कोंबडीच्या कारखान्यातला मुकादम भेटला होता. नववर्षापर्यंत तुझी जागा धरून ठेवतो म्हणाला. परत यायला लाजू नकोस. मागच्या खोलीत हर्शलचं लोखंड पडलंय, ते मी एका दिवसात बाहेर काढीन.

मक्याचं पीठ पाठवलंय. तिथलं तुला गोड लागेल म्हणे, साखर घालतात ते लोक.

पोटाला वेळेवर खात जा.
तुझी ताई,
वर्डा

* * *

एल्म्सबरी
२१ नोव्हेंबर १९९३

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लिटल रॉकला वसतिगृह आहे. सोमवारी पोर सोडायची, शुक्रवारी आणायची. मी शनिवारची आई झाले असते. तेवढंच कारण, असं लिहिणार होते. पण तू खरं लिही म्हणालीस. हो, आईपासूनही लांब आले. डेलिया हात हलवायला लागली की आई ते दाबून धरायची, माकडचाळे म्हणायची. मी शेजारी बसून ते पाहायची आणि गप्प राहायची. मला माझीच लाज वाटायला लागली होती.

आता इकडचं. पेंटरने घर विकलं. तीन आठवडे खोल्या शोधत फिरले. जो तो पहिला महिना, शेवटचा महिना आणि वर अनामत मागतो, आणि मग विचारतो, नवरा काय करतो. टेक्ससला तेलविहिरीवर गेला तो गेलाच, हे सांगितलं की खोली आधीच गेलेली असते. चार रात्री आम्ही गाडीत काढल्या. शाळेला कळलं तर घर नाही म्हणून नाव काढतील, या भीतीने मी डेलियाचं तोंड पेट्रोलपंपावर धुवायची.

शेवटी वृद्धाश्रमातल्या एका नर्सने मिसेस गॅन्यों यांचा पत्ता दिला. एक्याऐंशीच्या आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची मुलगी क्लॉडेट पलीकडच्याच गल्लीत राहते. मी म्हातारीचं सगळं करायचं आणि पोटमाळ्यावर राहायचं. वर थोडा हातखर्च. वृद्धाश्रमाचं काम सोडावं लागलं. रविवारी दुपारी चार तास माझे, बाकी पाय घराबाहेर काढायचा नाही. फोन आहे, पण लांबचे फोन करायचे नाहीत. तेव्हा तू पत्रंच लिही.

एक गोष्ट कोणाला सांगू नकोस. काल डेलियाच्या मैत्रिणी आल्या होत्या. पायरीवर बसून तिघी हातांनी बोलत होत्या आणि डेलिया एवढी हसली की मागे कलंडली. मी विचारलं काय झालं. तिने सांगितलं. मला कळलं नाही. तिने पुन्हा, सावकाश सांगितलं. तरी कळलं नाही. तेव्हा तिने माझ्या गालावर थोपटलं, आपण लहान मुलाला थोपटतो तसं, आणि परत मैत्रिणींकडे वळली.

नाताळचं जमेलसं दिसत नाही. आईला तू सांग, माझ्यात हिंमत नाही.

तुझ्या पिठाचा पाव केला, ताकात कुस्करून खाल्ला. तेवढा वेळ घरी होते.
तुझीच,
नोलीन

* * *

मार्बल फोर्क
१६ जानेवारी १९९४

चि. नोलीन,
आशीर्वाद.

नाताळच्या आदल्या दिवशी आई मागच्या पायरीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तुला घोर नको म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिते, कारण माझ्याने होत नाही.

तिला आमच्याकडे आणलंय, मागच्या खोलीत. रात्री चारदा उठवते. डॉक्टर म्हणतात, आता चालायची आशा धरू नका, छातीतही पाणी धरतंय. हर्शल बिचारा बोलत नाही, पण गिरणीतून उशिरा यायला लागलाय. मी शिवणाची कामं परत केली. गेल्या रविवारी चर्चलाही गेले नाही.

परवा तिची चादर बदलताना तुझं पत्र आठवलं. तू तिथे परक्या बाईला उचलतेस, पुसतेस, भरवतेस. इथे तुझ्या जन्मदात्रीला मी एकटी उचलते. हे कोणत्या बायबलात लिहिलंय ते मला सांग. तू म्हणतेस अडकलीस. बाई, तुझ्या दाराला निदान गाडी उभी आहे. मी कुठे जाऊ?

आई विचारते, नोलीन कधी येणार. हो, नाव घेते आता. डेलियाला घेऊन ये. शाळा पुढच्या वर्षी बघू.
वर्डा

* * *

एल्म्सबरी
२ फेब्रुवारी १९९४

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपले आणि झोपलेच नाही.

गाडी उभी आहे हे खरं, पण इंजिन गेलंय. तिच्यावर तीन फूट बर्फ आहे. क्लॉडेटला मी आठवडाभराची सुट्टी विचारली. ती दुष्ट नाही गं. म्हणाली, जरूर जा, आईच आहे. पण तेवढ्यात दुसरी बाई ठेवावी लागेल, आणि ती राहायला जागा मागेल. म्हणजे पोटमाळा गेला, पत्ता गेला, आणि पत्ता गेला की शाळा गेली. बसने आर्कान्साला येईन, पण परतणार कुठे? आले तर कायमचंच यावं लागेल.

मिसेस गॅन्यों यांना घास भरवताना माझा हात थांबतो. म्हातारी तोंड उघडून वाट बघत राहते. तिचा काय दोष?

मी येते ताई. पैसे जमले की येते. पिशवी भरायला घेतलीय.
अभागी,
नोलीन

* * *

२० फेब्रुवारी १९९४

वर्डा मावशी,

मी डेलिया. हे पत्र माझं आहे. मम्मीला माहीत नाही. आमच्या बाईंनी शब्द सांगितले, वाक्यं माझी.

मम्मी पिशवी भरते. मग रिकामी करते. मग भरते. मी विचारलं, कुठे? मम्मीचे हात नीट बोलत नाहीत. पण मला कळलं.

मला आजी आठवते. चर्चमध्ये आजी माझे हात धरून ठेवायची. घट्ट. मी सांगत होते की पेटी वाजली की बाक थरथरतो आणि पायाला गुदगुल्या होतात. आजीला वाटायचं मी खोडी करते. मी खोडी करत नव्हते. मी सांगत होते.

इथे माझे हात कोणी धरत नाही.

मला तू आवडतेस. शेळी आवडते. मला परत नको. मम्मी आली तर मी येईन, कारण ती माझी मम्मी आहे. पण मला नको. तू मम्मीला सांग. ती तुझं ऐकते.

डेलिया

* * *

मार्बल फोर्क
९ मार्च १९९४

चि. नोलीन हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत एक पत्र पाठवते. ते वाचून झालं की पुढे वाच. पोरीला ओरडू नकोस.

पाकिटावरचं अक्षर पाहून मला वाटलं शाळेचं काही असेल. चुलीपाशी उभ्याने वाचलं आणि खाली बसले. मग आईला वाचून दाखवलं. दाखवू नये असं वाटलं होतं, पण ती विचारत राहिली. पेटीचं आलं तेव्हा तिने मला थांबवलं, चष्मा मागितला आणि स्वतः वाचलं. बराच वेळ लागला तिला. वाचून झाल्यावर दोन्ही हात गोधडीवर पसरून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पोरीला सगळं कळत होतं की. एवढंच. त्या दिवशी जेवली नाही.

परवा सकाळी केस विंचरत होते, तेव्हा आपणहून म्हणाली, नोलीनला लिही, येऊ नकोस. मी म्हटलं, नक्की? तर माझ्यावरच खेकसली, की मोडलाय तो खुबा, डोकं नाही.

तेव्हा येऊ नकोस. मी हे मोठ्या मनाने लिहितेय असं समजू नकोस. मला अजूनही रात्री चारदा उठावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मी तुला मनात एकेक शिवी देते. चौथी जरा वाईट असते. पण येऊ नकोस.

आईची तब्येत उतरणीला आहे. छाती वाजते. तुला खरं कळलेलं बरं.

पोरीला माझा पापा दे.
तुझी ताई,
वर्डा

* * *

एल्म्सबरी
१० एप्रिल १९९४

प्रिय ताईस,
नोलीनचा सा. न. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा मी तळघरात कपडे धूत होते. क्लॉडेटने निरोप कागदावर लिहून फ्रिजला लावला. अंडी, ब्लीचिंग, आणि खाली, तुझी आई सोमवारी पहाटे गेली, गुरुवारी अकरा वाजता दफन. आधी मी अंडी वाचलं.

आले नाही. कारणं तुला पाठ आहेत. तिथे अकरा म्हणजे इथे बारा. बारा वाजता मी मिसेस गॅन्यों यांना अंघोळ घालत होते. मुद्दाम तीच वेळ धरली, हात रिकामे नकोत म्हणून. पाठीला साबण लावताना म्हातारीने मागे हात करून माझं मनगट धरलं. थंडी वाजत होती तिला, दुसरं काही नाही. पण माझ्या मनात एवढा संताप उसळला की तो हात झटकावासा वाटला. झटकला नाही. पाणी गरम केलं, तिला पुसलं, कपडे घातले, आणि मग न्हाणीघराचं दार लावून टॉवेल तोंडात कोंबून रडले. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

चारला डेलिया आली. आजी गेल्याचं तिला आधीच कळलं होतं. तिचं पत्र वाचून आई काय म्हणाली ते मला तिला सांगायचं होतं, पण हातांनी येईना. कागदावर लिहून दिलं. तिने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मग हातांनी बोलायला लागली. खूप वेळ बोलली, ताई. डोळ्यांतून पाणी, आणि हात चालूच. मी समोर बसून मान हलवत होते. मला तीन शब्द कळले. एवढं मोठं दुःख पोरीने सांगितलं आणि त्यातले तीन शब्द तिच्या आईपर्यंत पोचले.

संध्याकाळी क्लॉडेट आली. मी तिला म्हटलं, मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ मला हवेत. शाळेत पालकांना हातांची भाषा शिकवतात. ते जमणार नसेल तर उद्यापासून दुसरी बाई बघ. बरं, बघते दुसरी, असं तिने म्हटलं असतं तर त्या रात्री मी पोरीला घेऊन त्या मेलेल्या गाडीत बसले असते.

क्लॉडेट खुर्चीत बसली आणि म्हणाली, मंगळवारी तिचं गाण्याचं मंडळ भरतं, बारा वर्षं चुकवलेलं नाही. आठवड्यातून तेवढीच एक संध्याकाळ ती स्वतःच्या घराबाहेर पडते. मी म्हटलं, माझी तर एकही नाही. तिने कॅलेंडर काढून मंगळवार मोजायला घेतले. तिलाही दुसरी बाई मिळणार नाही, हे मला तेव्हा कळलं. एवढ्या पगारात, एवढ्या तासांत कोण येणार? शेवटी ठरलं, एक मंगळवार आड ती आणि मी. महिन्यातून दोन संध्याकाळी.

त्या दोन संध्याकाळींनी काही सुटत नाही, ठाऊक आहे. डेलियाची शाळा संपायला नऊ वर्षं आहेत. म्हातारी गेली की पोटमाळाही जाईल. म्हणून मी तिच्या औषधाच्या वेळा आईच्या जिवासारख्या जपते, आणि तसं जपताना स्वतःचा राग येतो. तूसुद्धा आता मोकळी झालीस म्हणवत नाही. रात्री चारदा जाग येतच असेल. मागची खोली घाईने आवरू नकोस.

परवाच्या मंगळवारी पहिल्यांदा गेले. सगळ्यांनी आपापल्या माणसांबद्दल एकेक वाक्य करायचं होतं. माझी पाळी आली. मुलगी आहे, हे जमलं. बहीण आहे, तेही जमलं. मग आई केलं. आणि तिथेच हात थांबले. बाईंना विचारावं लागलं, होती कसं म्हणायचं.

शिव्या देत राहा, पण लिहीत राहा.
तुझीच,
नोलीन