घरच्या माणसाची हरकत

कर्जत,
८ फेब्रुवारी २०२६

ती. राजेशदादास,
हर्षलाचा नमस्कार.

आई बरी आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याची तक्रारही ती माझ्यापाशी न करता शेजारच्या आनंदीबाईंपाशी करते. पोशीरला यंदा वाल कसा आलाय? सुरभीवहिनींचा खोकला थांबला का?

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन वहिनी स्पीकरवर टाकतात. शिवाय फोनवर तू हसून विषय बदलतोस.

बातमी अशी की प्रादेशिक सेनेची माझी मेडिकल झाली. पास झाले. आता फक्त नेमणुकीचा आदेश यायचाय. आपली नोकरी सांभाळून फौजेत अधिकारी व्हायचं, सुरुवातीला महिनाभर प्रशिक्षण, पुढं वर्षातून काही आठवडे हजेरी, आणि बोलावतील तेव्हा जायचं, हे तुला दिवाळीत सांगितलंच होतं. भोपाळच्या मुलाखतीत एका कर्नलसाहेबांनी विचारलं, "मॅडम, खालापूरच्या गोदामात लशी सांभाळता. फौजेत काय करणार?"

मी म्हटलं, "सर, रसद. आमच्याकडं वीज गेली की लस खराब होते, तुमच्याकडं रस्ता गेला की माणूस उपाशी राहतो. आधी विचार करून ठेवणारं कुणीतरी दोन्हीकडं लागतंच."

बेचाळिशीनंतर अर्ज करता येत नाही. मी एकेचाळीसची. हे एकदाच होणार होतं, दादा. म्हणून पुढचं सांगते.

मेडिकलच्या आधी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र द्यायचं होतं. आमच्या ऑफिसचे दळवीसाहेब सही करणारच होते. त्या सकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, "हर्षला, ऑफिसच्या नंबरवर एक फोन आला होता. घरचा माणूस बोलतोय म्हणाला. नाव सांगितलं नाही. म्हणाला, बाईंना धाप लागते, त्यांनी ते लपवलंय, तुम्ही सही करू नका."

धरणाच्या रस्त्यावर, पळसदरीला, मी वर्षभर रोज पळतेय. धाप लागते ती सगळ्यांना लागते तेवढीच. पण साहेबांच्या तोंडावर आता शंका होती, आणि ती कुणीतरी मुद्दाम ठेवून गेलं होतं.

पहिला संशय गोदामातल्या समिधावर गेला. मी गेले की गोदाम तिच्याकडं येणार. पण मग तिला मी जायलाच हवी होते, एवढंही मला त्या दिवशी सुचलं नाही. कॅन्टीनमध्ये चारचौघांसमोर मी तिला म्हटलं, "बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचंस." तेव्हापासून ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसते. माफी मागितली, पण मोडलेलं मोडलंच.

मग प्रवीण. नवऱ्यावर संशय घ्यायला मला फार वेळ लागला नाही, हे लिहितानाही लाज वाटते. तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा मोबाईल उघडून नंबर बघत बसले. तो टॉवेल गुंडाळून दारात उभा.

"सापडलं काय?" म्हणाला.

"नाही."

"मग चहा टाक. आणि पुढच्या वेळी माग, मी देतो."

त्यानंतर तो याबद्दल अवाक्षर बोलला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

चहा उकळताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. धापेचं प्रवीणला कुठं माहीत आहे? समिधाला कुठून कळणार? मी नऊ वर्षांची असताना एक पावसाळा अंथरुणात काढला, आणि पोशीरहून नेरळच्या डॉक्टरकडं मला खांद्यावर कोण घेऊन जायचं? पुढं कधीच त्रास झाला नाही, म्हणून मी कुणाला सांगितलंही नाही. हे जाणणारी माणसं आता दोनच. एक आई.

आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "ना-हरकत पत्राचं दादाला तू सांगितलंस?"

"सांगितलं, तो हितं आला तवा. पोरगाच हाय ना माजा."

"काय म्हणाला?"

"काय नाय. त्या दिशी जेवला नाय."

मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुला थांबवायचं व्हतं तर माज्याकडं यायचं त्यानं. सायबाकडं कशाला गेला गं?"

साहेबांना निनावी फोन आला, एवढंच मी घरात बोलले होते; म्हणजे तिनंही ओळखलं होतं, दादा. मी माझा संशय सांगण्याआधीच.

तू का केलंस, याची मला दोन कारणं दिसतात आणि मी रोज एकावरून दुसऱ्यावर जाते. गेल्या मे महिन्यात मी अर्ज भरला आणि टीव्हीवर सीमेच्या बातम्या चालू होत्या, तेव्हा तू तीनदा विचारलंस, "त्या तुमच्या लोकांना पण बोलावणार काय?" तेव्हा तुझा आवाज कापत होता. ते खरं असेल तर मी तुझ्यावर रागावूच शकत नाही. पण दिवाळीत मी म्हटलं, मी कॅम्पला गेले की आई तुझ्याकडं राहील, तेव्हा वहिनी ताटं उचलून आत गेल्या आणि तू अंगणात बघत बसलास. तेही मी पाहिलंय. माझ्या जिवाची काळजी होती, की आईची जबाबदारी अंगावर येईल याची? तू काहीही सांगितलंस तरी आता मला पटेलच असं नाही. तू माझं हेच मोठं नुकसान केलंस.

फौजेच्या डॉक्टरांनी छाती तपासली, पळवलं, पुन्हा तपासली. काही नाही निघालं. धापेचं लहानपणचं सगळं मी स्वतःच त्यांना सांगितलं. दळवीसाहेबांना मी आधीच म्हटलं होतं, "तुम्ही सही करा, छातीचं काय ते फौजेचे डॉक्टर ठरवतील." त्यांनी केली. फोन कुणाचा होता, हे त्यांना मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आईला मी म्हटलं, आनंदीबाईंकडं सोय करते, प्रवीण आहेच. ती म्हणाली, "नाय. मला राजेशकडं सोड. तो ठेवतो का नाय, ते मला बगायचंय."

तर आदेशाची वाट न बघता येत्या रविवारीच मी तिला घेऊन येतेय. तिच्या गोळ्या, तिची उशी, सगळं असेल. उत्तर लिहू नकोस, फोनही करू नकोस. तू दारात कसा उभा राहतोस ते मला समोरून पाहायचंय.

वहिनींना नमस्कार सांग.

अजून विश्वास न बसलेली, तरी तुझीच,
हर्षू