आळंदच्या अलीकडचा कॅमेरा

७ जानेवारी, मंगळवार

दुपारी तीनला उठलो. अंग नुसतं मोडून आलंय. एवढं केलं तरी काय? काही नाही. वय झालं, दुसरं काय! मनकर्णाचे डोळे लाल दिसले. विचारलं तर म्हणाली, "कांदा चिरला." चहा मात्र झकास झाला होता.

११ जानेवारी, शनिवार

मोबाइलवर मेसेज. ई-चलान! माझ्या गाडीवर! वेगमर्यादा ओलांडली म्हणे. ताशी १०१. सिल्लोड रस्ता, आळंदच्या अलीकडे. मंगळवार, ७ जानेवारी, सकाळी ११ वाजून ९ मिनिटं.

आधी हसूच आलं. एकतीस वर्षं एसटी चालवली. कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही. बिनअपघाती सेवेचा बिल्ला अजून खाकी शर्टावर लावलेला कपाटात आहे. मुहूर्त टळतोय म्हणून नवरदेव बोंबलत होता तेव्हाही मी लग्नाची गाडी साठच्या पुढं नेली नव्हती. आणि आता एकोणसत्तराव्या वर्षी एकशे एक!

फोटो उघडला. गाडी पांढरी, छोटी. नंबर माझाच. काचेवर ऊन चमकतंय, आतलं काही दिसत नाही.

मग ही वही मागं उलटली. सात तारीख — "दुपारी तीनला उठलो." सकाळचं एक अक्षर नाही. सकाळी केलं काय मी? खाल्लं काय? आठवेना. बरं, चार दिवसांपूर्वीचं खाल्लेलं कुणाला आठवतं! मला आठवायचं, ही गोष्ट वेगळी.

मनकर्णाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंगळवारी सकाळी कुठं होतो गं आपण?"

"घरीच की! कुठं जाणार?" म्हणाली आणि भाकरी उलटली.

घरीच होतो. झालं तर मग. चलानाचं तिला बोललो नाही. उगाच घाबरायची.

१४ जानेवारी

नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या गेटला वंदन करून आलो. मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाडी लांब लावावी लागली. परत निघालो तेव्हा कुठल्या गल्लीत लावली तेच आठवेना. मी डावीकडं वळलो. मनकर्णा उजवीकडं चालायला लागली, आणि थेट गाडीपाशीच नेलं तिनं मला.

गाडीत आमचं एक जुनं खूळ आहे. ती शेजारी बसते आणि डॅशबोर्डवर बांगड्यांनी दोनदा टकटक करते — डबल बेल! तेव्हाच मी गाडी हलवतो. एकदा टकटक, म्हणजे सिंगल बेल — थांबायचं. रिटायर झालो त्या दिवशी मीच म्हणालो होतो, आता तूच माझी कंडक्टर. हल्ली तर ती कुठंही एकटं सोडत नाही. दुधाला सोबत, दळणाला सोबत. परवा दाढीला गेलो तर सलूनच्या बाकावर बसून राहिली! लोक हसतात. मी म्हटलं, "म्हातारपणी एवढं प्रेम बरं नाही." तर हसलीसुद्धा नाही.

१६ जानेवारी

किल्ली खिळ्याला नव्हती. घर पालथं घातलं. शेवटी ज्वारीच्या डब्यात सापडली. ज्वारीत! खोल खुपसलेली!

मी ठेवली? कधी? मनकर्णा म्हणाली, "पडली असल वरून." खिळा दाराशी, डबा चुलीशी. वरून कशी पडेल?

चहा बशीत सांडला. तिनं पाहिलं आणि फडकं आणून बशी पुसली.

१९ जानेवारी, रविवार

खुलताबादला काकासाहेबाला भेटून आलो. एकोणीस वर्षं माझ्या गाडीवर कंडक्टर होता. अजिंठ्याच्या गाडीवरची आमची जोडी डेपोत प्रसिद्ध होती. तिकिटांचा हिशेब तोंडपाठ, प्रवाशांची नावं तोंडपाठ, कोणाची सून कुठं नांदते तेही तोंडपाठ.

मला पाहून म्हणाला, "कुठं उतरायचं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मीही म्हणालो, "एक अजिंठा द्या." तर त्यानं खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढला, नीट फाडला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पुढं सरका, पुढं सरका." त्याची सून गीताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सकाळपासून समद्या घराला तिकिटं वाटायलेत. माझं नाव इचारलं तर सांगता येत नाय."

"सुरुवात कशी झाली?" मी विचारलं.

"किल्ल्या सापडंनात. मग दिवस सापडंनात."

घाटातून खाली येईपर्यंत मनकर्णाचा हात डॅशबोर्डवरच होता. मी गाडी तीसनं आणली. तो कपटा शर्टाच्या खिशात आहे. टाकवत नाही.

मला भीती वाटते. लिहूनच ठेवतो. दुसऱ्या कुणाला सांगणार?

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी ८. मुद्दाम आत्ताच लिहितो. आज कुठंही जायचं नाही. किल्ली खिळ्याला आहे. संध्याकाळी परत लिहीन.

२२ जानेवारी

काल संध्याकाळी लिहायचं राहिलं. झोप लागली होती.

खाकी शर्ट दोरीवर वाळत होता. मनकर्णा म्हणाली, कपाटात कुबट वास मारत होता म्हणून धुतला. बिल्ला काढून नीट ठेवलाय ना, विचारलं. ठेवलाय म्हणाली.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुसरं चलान.

मंगळवार, २१ जानेवारी. ११ वाजून ११ मिनिटं. आळंदच्या अलीकडे. ताशी १०४.

संडासात जाऊन कडी लावली आणि तिथं मोबाइल पुन्हा पाहिला. तोच कॅमेरा. तोच नंबर. आणि मग एकदम लक्षात आलं. सकाळी दहाची अजिंठा. फुलंब्री, मग आळंद. आळंदला आमची वेळ अकरा दहा! आणि मंगळवार — सोमवारी आमची वीकली ऑफ असायची, मंगळवारी मी आणि काकासाहेब पुन्हा त्याच गाडीवर. लेट झालो की तो मागून ओरडायचा, "सर्जेराव, दाबा जरा!" मी कधी दाबलं नाही.

गाडीत जाऊन पाहिलं. पेट्रोलचा काटा तळाला. टाकी कधी भरली होती? गेल्या आठवड्यात? की त्याच्या आधी?

स्टॉप ओळीनं तोंडानं म्हणून पाहिले. फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा. सगळे बरोबर! उलटे म्हणालो, तेही बरोबर! मग समोरच्या घरात राहणाऱ्या बाईचं नाव आठवायला गेलो. बारा वर्षांपासूनची शेजारीण. दहा मिनिटं लागली. सोनिया. सोनिया. सोनिया.

मनकर्णा सकाळ-संध्याकाळ विचारते, "आज कोणता वार हो?" आज मी खेकसलो, "कॅलेंडर बघ की!" कारण मलाच माहीत नव्हता.

२७ जानेवारी

आज सांगितलं तिला. दोन्ही चलानं दाखवली. मला वाटलं घाबरेल, ओरडेल. तिनं फोटोकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. "दंड भरून टाका अन् मोकळे व्हा," म्हणाली.

"अगं, पण मी गेलोच नाही तर दंड कामून भरू? तूच म्हणालीस ना, घरीच होतो!"

"व्हय, म्हणाले."

"मग? उद्या ट्रॅफिकच्या ऑफिसात जाऊन येतो."

"नका जाऊ," म्हणाली. पोलिसाचं नाव काढलं की बायकांचे पाय लटपटतात!

२८ जानेवारी, मंगळवार

देवच पावला म्हणायचं, पण आमच्यात देव नाही! म्हणून मॅडम पावल्या म्हणतो.

सकाळी दहालाच ऑफिसात जाऊन बसलो. मनकर्णा सोबत होतीच. टेबलावरच्या मॅडमनी चलानं पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, डुप्लिकेट नंबर प्लेट असंल. तुमच्यासारख्याच गाडीला तुमचा नंबर लावून कुणीतरी फिरायलंय. महिन्याला चार-दोन केस असतात आमच्याकडं."

डुप्लिकेट! मी नाही! दुसराच कुणी! खुर्चीतच हलकं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, तर खोकल्याचं निमित्त केलं.

"तक्रार करा," म्हणाल्या. "फोटोची मोठी प्रिंट काढा, तुमच्या गाडीचे फोटो काढा, दोन्ही शेजारी ठेवून बघा. कुठं ना कुठं फरक सापडतोच."

येताना मी जिलेबी घेतली. मनकर्णानं एक तुकडा हातात घेतला आणि घर येईपर्यंत तो तसाच धरून बसली.

३० जानेवारी

हैदरच्या गॅरेजात जाऊन सगळं सांगितलं. तो हसला. "चचा, हो ही नहीं सकता! तुमच्या हातून एकशे चार? आपली गाडी तुम्ही साठला नेली तरी मी मिठाई वाटतो!"

मग त्याचं काम निघालं. त्याची पोरगी अरफा बारावीला. सेंटर खुलताबादला आलंय. मोटारसायकलवर घाट चढायची तिला भीती वाटते. "चचा, पहिल्या पेपरला तुम्ही सोडता का? तुमच्या गाडीत बसली की मला फिकीर नाही." ११ फेब्रुवारी. पेपर अकराला.

छाती फुगली माझी! एकतीस वर्षांची इज्जत आहे ही. हो म्हणालो.

घरी सांगितलं तर मनकर्णाच्या हातातलं ताट निसटलं. "पोरीला?" एवढंच म्हणाली. नंतर अंगणात जाऊन पुण्याला भूषणशी फोनवर बोलत होती. मी गेलो तसा फोन ठेवून दिला. पोरगं आईचे कान भरतंय, गाडी विका, रिक्षानं फिरा. बुद्धभूषण नाव ठेवलं मी, पण बुद्धी सगळी आईकडची!

४ फेब्रुवारी, मंगळवार

मनकर्णाच्या पोटात सकाळी नऊपासून कळा. मला जागचं उठू दिलं नाही. "माझ्यापाशीच बसा." बारापर्यंत हात धरून बसलो. बारानंतर बरं वाटलं तिला, उठून पिठलं केलं. दवाखान्यात चल म्हटलं तर नको म्हणाली.

७ फेब्रुवारी

११ फेब्रुवारीला वार कोणता, ते आज पाहिलं. मंगळवार.

असू दे. डुप्लिकेट आहे. मॅडम म्हणाल्या. हैदर म्हणाला. पण पोरगी शेजारी बसली असेल आणि दौलताबादच्या फाट्यावर मी वळलोच नाही तर? सरळ निघालो तर? कुठल्या रस्त्यानं, कुठल्या सालात?

प्रिंट काढायला टाकतो. फरक दिसला की शांत झोपेन. बंपर, आरसा, काचेवरचं निळं अशोकचक्र — काहीतरी वेगळं निघेलच. निघालंच पाहिजे.

८ फेब्रुवारी

झेरॉक्सवाल्याकडं दोन्ही फोटो दिले. काचेवरचं ऊन कमी करून मोठे काढतो म्हणाला. सोमवारी या. मनकर्णा दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "राहू द्या ना हो. दंड भरू आपण." आवाज रडका होता. मी म्हटलं, वेडी आहेस का!

अरफा येऊन गेली. "चचा, साडेनऊला निघू ना?" मी म्हणालो, डबल बेल तू द्यायची. खुशीत गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रिंट मिळाल्या. वहीच्या पानाएवढ्या.

निळं अशोकचक्र आहे. स्टेअरिंगवर मी आहे. खाकी शर्ट, छातीवर बिल्ला.

शेजारी मनकर्णा. दोन्ही फोटोंत. हिरवी शाल, डोळे घट्ट मिटलेले, एक हात डॅशबोर्डवर. सिंगल बेल देतेय. किती वेळा दिली असेल! मला ऐकू आली नाही.

हैदरला सांगून आलो, अरफासाठी रिक्षा बघ. त्यानं का म्हणून विचारलं. खरं ते सांगितलं.

घरी आलो. मनकर्णा भाकरी करत होती. तिच्यासमोर ज्वारीचा डबा उघडला आणि किल्ली खोल खुपसली. आज मी ठेवली. नक्की मीच.